शिक्षणातील खंड आणि महाविद्यालयाचा उंबरठा

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मनात आले ते विश्वकर्म्याच्या पाच पुत्रांविषयी किंवा कोकणातील देवळांच्या लाकडी सभामंडपांविषयी लिहावे असे. परंतु या विषयांवर आपल्या सुतार समाजातील जाणत्या मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे, आणि माझ्याजवळ त्यात भर घालण्यासारखे फारसे नाही. शिवाय इतिहास केवळ ताम्रपटांत आणि मंदिरांच्या तुळयांवर असतो असे थोडेच आहे? तो शाळांच्या हजेरीपटांतही असतो. आणि त्या पटावरील ज्या नावांपुढे मध्येच केव्हा तरी लाल शाईची रेघ ओढली गेली, त्या नावांचा इतिहास आपल्यासारख्या हातकामावर जगणाऱ्या समाजाला अधिक जवळचा आहे. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावापुढे अशी रेघ नाही, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली आणि तरीही ज्यांनी पुढे महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडला, अशा काही व्यक्तींचा आणि त्यांच्यासाठी उघडल्या गेलेल्या काही वाटांचा वृत्तांत येथे देण्याचा विचार आहे. तो या वर्षी का द्यावासा वाटला, हे लेखाच्या उत्तरार्धात येईल.

मुंबई विद्यापीठाची स्थापना इ. स. १८५७ सालची. त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली. हिलाच पुढे सर्वजण मॅट्रिक म्हणू लागले आणि पुढील नव्वद वर्षे महाराष्ट्रातील सुशिक्षितपणाचे माप तेच ठरले. या परीक्षेचे एक वैशिष्ट्य आज आपण विसरलो आहोत. ती शाळेची परीक्षा नव्हती, विद्यापीठाची होती. म्हणजे शाळेने विद्यार्थ्याला निरोप द्यावा यासाठी ती नव्हती, तर महाविद्यालयाने त्याला आत घ्यावा की नाही हे ठरविण्यासाठी होती. तीत अनेक दोष होते. इंग्रजीचे जोखड सर्वांत मोठे, आणि त्याखाली कितीतरी बुद्धिमान मुले दबून गेली. तथापि परीक्षेला बसणाऱ्याच्या मागील आयुष्यात किती वर्षे कोरी गेली, यापेक्षा त्याला आज काय येते, याकडे तिचा रोख अधिक होता. पुढील हकीकत वाचताना हा भेद ध्यानी ठेवावा.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. घर मात्र दापोलीजवळच्या मुरुडचे. घरची गरिबी. मराठी शाळा संपत आल्यावर सरकारी नोकरीसाठी जी सहावीची परीक्षा असे, ती देण्याचे त्यांनी ठरविले. पावसाळ्याचे दिवस, समुद्र खवळलेला, बोटीने मुंबईस जाणे शक्य नाही. म्हणून १८७५ साली हा मुलगा सोबत्यांबरोबर पायी साताऱ्यास निघाला. चिपळुणावरून कुंभार्ली घाट चढून, पावसात भिजत, शंभर मैलांहून अधिक वाट तुडवून तो साताऱ्यास पोहोचला. तेथे परीक्षा समितीच्या प्रमुखांनी त्याच्याकडे पाहिले. अंगकाठी लहान; सतरा वर्षांचा दिसत नाही, असे ठरले, आणि परीक्षेस बसू दिले नाही. आल्या वाटेने तो परत गेला. पुढे ती परीक्षा ते उत्तीर्ण झाले, परंतु त्या दिवसाची आठवण त्यांना जन्मभर राहिली आणि 'आत्मवृत्ता'त त्यांनी ती नोंदवून ठेवली.

त्यानंतर इंग्रजीचा प्रारंभ. आपल्या गावी सोमण गुरुजींच्या प्रेरणेने थोडे इंग्रजी झाले; रत्नागिरीच्या शाळेत गेले तो आजारपणाने परतावे लागले; पुन्हा खंड. मग मुंबईस येऊन रॉबर्ट मनी शाळेत नाव घातले. लग्न केव्हाच झालेले होते. शिकवण्या करून पोट भरावयाचे आणि उरलेल्या वेळात स्वतः शिकावयाचे, असा क्रम. इ. स. १८८१ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. सतराव्या वर्षी जो वयाने लहान म्हणून परत पाठविला गेला, तोच आता वयाने फार मोठा झाला होता. दोन्ही वेळा माणूस तोच, बुद्धी तीच.

यापुढील गोष्ट मला फार बोलकी वाटते. कर्वे प्रथम विल्सन व मग एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेले आणि १८८४ साली गणित विषय घेऊन बी. ए. झाले. त्याच वर्षी, त्याच एल्फिन्स्टन महाविद्यालयातून आणखी एक कोकणस्थ तरुण बी. ए. झाला. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. गोखल्यांचा जन्म १८६६ सालचा. म्हणजे पदवी घेताना ते अठरा वर्षांचे, तर कर्वे सव्वीस वर्षांचे. दोघांत आठ वर्षांचे अंतर. आज आपल्यापैकी कोणी एखाद्या समितीवर बसून या दोघांचे अर्ज समोर ठेवले असते, तर कोणता वर आणि कोणता खाली गेला असता, हे सांगण्यास ज्योतिषी नको. पण पुढे झाले ते असे. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताच्या अध्यापकाची जागा मोकळी झाली, आणि १८९१ साली त्या जागेसाठी कर्व्यांना बोलावून घेतले ते गोखल्यांनीच. अठराव्या वर्षी पदवीधर झालेल्या माणसाने सव्विसाव्या वर्षी पदवीधर झालेल्या माणसाची ती मधली आठ वर्षे मोजली नाहीत.

कर्व्यांनी स्वतःही ती विसरली नाहीत असे दिसते. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०७ साली महिला विद्यालय. आणि १९१६ साली, वयाची अठ्ठावन्न वर्षे झाल्यावर, स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ. या विद्यापीठाची आखणी नीट पाहिली म्हणजे तिच्यामागचा अनुभव दिसतो. शिक्षण मातृभाषेतून, प्रवेशपरीक्षा विद्यापीठाची स्वतःची, अभ्यासक्रम घरसंसारातून येणाऱ्या स्त्रीला झेपेल असा. त्या काळी स्त्रियांच्या शिक्षणात खंड पडणे हा अपवाद नव्हता, तोच नियम होता: लग्न झाले की शाळा सुटली, वैधव्य आले की पुन्हा पाटी हाती घ्यावयाची. ज्या माणसाला स्वतःला थांबून थांबून शिकावे लागले, त्याने थांबलेल्यांसाठी विद्यापीठ काढावे, यात नवल ते काय? १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला.

स्त्रियांचा विषय निघाला म्हणून डॉ. रखमाबाईंविषयी लिहिणे भाग आहे. त्यांचा खटला बहुतेकांस ऐकून माहीत असतो. त्यांचे शिक्षण फारसे कोणाला माहीत नसते. जन्म १८६४ सालचा. अकराव्या वर्षी लग्न आणि त्याबरोबर शाळेचा शेवट. सासरी न जाता त्या आई व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिल्या आणि मिशनच्या ग्रंथालयातील पुस्तके घरी आणून वाचीत राहिल्या. पतीने न्यायालयात दावा लावला. १८८७ सालच्या मार्चमध्ये निकाल झाला की पतीकडे नांदावयास जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी तुरुंग पसंत केला. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि पुढील वर्षी त्या इंग्लंडला लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि वैद्यकीय विद्यालयाचे दार उघडले ते सुमारे चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या आणि नंतर सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णालये चालविली. त्या खटल्याच्या कागदपत्रांत उभय पक्षांची ज्ञाती 'सुतार' अशी लिहिलेली आढळते. मुंबईतील त्या ज्ञातीचा आणि आपला संबंध कितपत जवळचा, हा वाद मी येथे उकरून काढीत नाही. पण आपल्या मुलींना ही हकीकत सांगताना तेवढा उल्लेख करावयास हरकत नसावी.

खंड पडण्याची कारणे काळाप्रमाणे बदलत गेली. महात्मा जोतीराव फुले यांची शाळा लोकापवादाच्या भीतीने वडिलांनी सोडविली होती. मध्ये काही वर्षे मळ्यात गेली, आणि १८४१ साली ते पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत बसले. दिवसा राबणाऱ्यांसाठी त्यांनी १८५५ साली रात्रीची शाळा काढली, तिचे मूळ या मळ्यातल्या वर्षांत असावे असे माझे मत आहे. पुढे १८९६ साली मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात प्लेग आला, गावे ओस पडली. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. १९२० साली असहकारितेच्या हाकेसरशी मुलांनी सरकारी शाळा सोडल्या. त्यांच्यासाठी पुण्यात १९२१ साली टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. १९४२ साली पुन्हा तेच.

स्वातंत्र्याच्या लढ्यात ज्यांची शाळा बुडाली, त्यांपैकी यशवंतराव चव्हाण यांचे उदाहरण थोडे विस्ताराने सांगतो. त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. वडील लहानपणीच प्लेगने गेले. आई विठाबाईंनी कष्टाने वाढविले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना १९३२ साली झेंडावंदनाच्या प्रकरणी त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात थोरामोठ्या देशभक्तांच्या सहवासात त्यांनी जे वाचले व ऐकले, त्याचे वर्णन त्यांनी 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात केले आहे. ते वाचताना कोणासही वाटावे की कराडच्या वर्गात ही दोन वर्षे गेली असती तर इतके मिळाले नसते. पण हा माझा तर्क. मुद्दा असा की, तुरुंगातून सुटल्यावर ते पुन्हा शाळेत आले आणि १९३४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाले. त्यानंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्रवेश, १९३८ साली बी. ए., १९४१ साली एलएल. बी. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याचे पहिले मुख्यमंत्री तेच. एकविसाव्या वर्षी कोणी त्यांना मागील दोन वर्षांचा हिशेब विचारला असता, तर तुरुंगाखेरीज दुसरे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

वाटा उघडणाऱ्यांमध्ये आणखी दोघांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची स्वतःची शालेय परीक्षा खंडाविना झाली, पण लंडनचा अभ्यास १९१७ साली शिष्यवृत्ती संपल्यामुळे अर्ध्यावर टाकून यावे लागले आणि १९२० साली पुन्हा जाऊन तो पुरा करावा लागला. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. त्याचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्याला वर्गातून उठून वेळेवर कामावर जाता यावे. वेळापत्रकातील एवढा एक फरक, पण त्याने कितीजणांच्या आयुष्याची दिशा बदलली! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा व शिका' हा मार्ग घालून दिला. १९४७ साली त्यांनी साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले. हातात खुरपे किंवा रंधा असणे आणि महाविद्यालयात असणे या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत, ही समजूत तेथे मोडली.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक गेली. १९४९ सालापासून एस. एस. सी.ची परीक्षा सुरू झाली. शाळेच्या शेवटची परीक्षा ही विद्यापीठाच्या हातून मंडळाच्या हाती गेली आणि पुढे दहावी व बारावी असे तिचे दोन भाग झाले. याने शिक्षणाचा प्रसार झाला हे निर्विवाद. परंतु एक गोष्ट हळूहळू बदलली. महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात 'तुला काय येते' याबरोबर 'मधली वर्षे कोठे होतास' हा प्रश्न येऊन बसला. आता खंड पडलेल्या विद्यार्थ्याला मुद्रांकाच्या कागदावर प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते की, या काळात मी अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतलेला नव्हता. प्रतिज्ञापत्राने फारसे बिघडत नाही. पण ते लिहिताना सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आपण काही अपराध केला आहे असे वाटू लागते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सुदैवाने वाटा आहेत, आणि त्या आपल्या बांधवांना पुरेशा ठाऊक नाहीत. शाळा सुटलेल्या मुलाला खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसता येते. त्यासाठी मंडळाचा नमुना क्रमांक १७ भरावयाचा असतो, ज्याला सर्वजण 'सतरा नंबरचा फॉर्म' म्हणतात. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो नसल्यास द्वितीय प्रत व प्रतिज्ञापत्र. म्हणून मुलाने शाळा सोडली तरी दाखला हत्यारांच्या पेटीत टाकून देऊ नये, एवढे प्रत्येक घरी सांगावेसे वाटते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची वाट निराळी. आणि नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. त्याने बारावी नसलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम अनेक वर्षे चालविला. या विद्यापीठाला नाव दिले गेले ते यशवंतराव चव्हाणांचे, म्हणजे एकविसाव्या वर्षी मॅट्रिक झालेल्या गृहस्थाचे. ही योजना जाणून केली की अजाणता घडली, कोण जाणे. पण नाव उचित पडले.

आता लेख लिहिण्याच्या कारणाकडे वळतो.

इ. स. २०२० च्या मार्चात साथीमुळे शाळा बंद झाल्या. प्लेगच्या आणि इन्फ्लुएन्झाच्या गोष्टी आपण आजीकडून ऐकल्या होत्या; ही आपण पाहिली. २०२१ साली तर दहावीची परीक्षाच रद्द करून अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावावा लागला. ज्यांच्या घरी दूरध्वनीवर वर्ग भरण्याची सोय होती त्यांचे कसेबसे निभावले. आपल्या वस्तीतील पुष्कळ मुले त्या दोन वर्षांत बापाबरोबर कामावर गेली. एकदा मुलाचा हात पटाशीवर बसला आणि शनिवारी पैसे घरी येऊ लागले, की त्याला पुन्हा बाकावर बसविणे किती अवघड, हे आपणांस मी काय सांगावे!

असा एक मुलगा गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज घेऊन आला. नाव देत नाही. नववीत असताना शाळा बंद झाली. त्याच सुमारास वडिलांची दोन बोटे यंत्राच्या करवतीत गेली. दोन वर्षे मुलाने फर्निचरच्या कारखान्यात काम केले. मग सतरा नंबरचा फॉर्म भरून २०२३ साली दहावी, २०२५ साली बारावी. दोन्ही परीक्षांच्या काळात दिवसा काम चालूच होते. गुण मध्यम, पण गणितात उत्तम. त्याला अभियांत्रिकीच्या पदवीला जावयाचे होते आणि महाविद्यालयाचे शुल्क भरण्याची मुदत आठ दिवसांवर आली होती.

आपल्या शिष्यवृत्ती निधीचा नियम असा आहे की, उमेदवाराने दहावी व बारावी 'शिक्षणात खंड न पडता' उत्तीर्ण केलेली असावी. निधी लहान, अर्ज पुष्कळ, तेव्हा कोठेतरी रेघ ओढावी लागते, ही अडचण खरीच आहे. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी मुळीच म्हणत नाही. नापास होत होत वर्षे घालविणाऱ्यांना आळा बसावा, एवढाच तो हेतू. परंतु नापास होणे आणि थांबणे यांत नियमाने भेद केला नाही. समितीने अर्ज नामंजूर केला. समितीवर तीन सभासद होते, आणि त्यांतला एक मी. शेऱ्याखाली माझी सही आहे. त्या दिवशी मला कर्वे आठवले नाहीत, गोखले आठवले नाहीत. आठवली ती चहाची वेळ टळून गेल्याची. साताऱ्याच्या ज्या अधिकाऱ्याने एका मुलाला नुसते पाहून परत पाठविले, त्याला आपण दीडशे वर्षे नावे ठेवीत आलो. त्याने निदान मुलाकडे पाहिले तरी होते. मी पाहिला तो केवळ अर्जातील एक रकाना.

मुलाचे शुल्क त्या वेळी त्याच्या कारखान्यातील मिस्त्रींनी आपसांत वर्गणी काढून भरले, असे मला नंतर समजले. तो महाविद्यालयात आहे. पुढील वर्षाचे शुल्क अजून भरावयाचे आहे.

यास्तव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मी एक ठराव मांडीत आहे. नियमातील 'शिक्षणात खंड न पडता' हे शब्द वगळावेत. त्यांच्या जागी, शिक्षणात खंड पडला असल्यास त्याचे कारण उमेदवाराने लिहावे आणि समितीने त्यास प्रत्यक्ष भेटून निर्णय द्यावा, अशी दुरुस्ती करावी. आणि विवाहामुळे वा घरच्या आजारपणामुळे शाळा सोडलेल्या भगिनींना वयाची अट असू नये. मसुदा कार्यवाहांकडे दिला आहे. अनुमोदन देऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी सभेच्या आठ दिवस आधी त्यावर सही करावी. त्या नामंजूर अर्जाची प्रत मी ठरावासोबत जोडली आहे, माझ्या सहीसकट.